सांता क्रोचेचं छत लाकडाचं का? पैसे संपले होते का?

सुताराचीलेक

मंडळी, नमस्कार. प्रश्न खरं तर माझ्या वडिलांचा आहे. ते सुतार. पन्नास वर्षं रंधा चालवला, आता हात थरथरतात म्हणून काम बंद आहे. त्यांच्यामुळे मलाही एक खोड लागली आहे. कुठल्याही वास्तूत शिरले की नजर आधी वर जाते. भिंती नंतर, मूर्ती नंतर, आधी छत कशावर तोललंय ते बघायचं.

इटलीत फ्लॉरेन्सला सांता क्रोचे चर्चमध्ये शिरले तेव्हाही तेच झालं. बाहेर पांढरा-हिरवा संगमरवर, आत अष्टकोनी दगडी खांब आणि टोकदार कमानी. वर बघते तर लाकूड! मोठमोठ्या कैच्या, एकीमागे एक, थेट पुढच्या टोकापर्यंत, आणि तुळयांवर रंगीत नक्षी. मी इतका वेळ मान वर करून उभी राहिले की मागून येणारे लोक वळसा घालून जायला लागले. तिथूनच वडिलांना फोन लावला आणि कॅमेरा छताकडे धरला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढा दगड घडवला आणि डोक्यावर लाकूड? पैसे संपले होते का गं त्यांचे?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून डोक्यात घोळतंय. हे चर्च फ्रान्सिस्कन साधूंचं, म्हणजे ज्यांनी अंगावरच्या कपड्यापलीकडे काही बाळगायचं नाही अशी शपथ घेतली त्यांचं. काम १२९४ मध्ये सुरू झालं, लांबी सुमारे ११५ मीटर. फकिरांना एवढं मोठं देऊळ कशाला लागलं? आणि बांधलंच, तर छतावरच हात आखडता का घेतला? गंमत म्हणजे मुख्य वेदीच्या डोक्यावर मात्र दगडी छत आहे. म्हणजे दगडाचं छत करता येत नव्हतं, असंही नाही.

दुसरी एक गोष्ट. उजवीकडच्या एका चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनादालनात, जोत्तो या जुन्या चित्रकाराने काढलेला, या पंथाचा संस्थापक संत फ्रान्सिस याच्या मृत्यूचा प्रसंग आहे. साधू त्याच्याभोवती गुडघे टेकून बसलेत, एकाने त्याचा हात ओठांशी धरलाय. मला तिथून हलवेना. पण चित्रातले मोठे तुकडेच गायब आहेत, आणि गेलेल्या भागाची कड चक्क एखाद्या कपाटासारखी सरळ आहे. रंग झडला तर असा झडत नाही. तिथे काय झालं?

तिसरी गोष्ट चर्चच्या बाहेरची. जवळच सान रेमिजिओ नावाच्या गल्लीत एका भिंतीवर पुराच्या दोन पाट्या आहेत. एक १३३३ ची, तिच्यावर पाण्याकडे बोट दाखवणारा हात कोरलाय. तिच्या वर दुसरी, १९६६ ची. दोन्हींवर तारीख एकच, ४ नोव्हेंबर. दोन्ही माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. एवढं पाणी चढलं तेव्हा त्या चर्चमध्ये काय झालं असेल?

कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. वडिलांना वाचून दाखवायचं आहे.

जुनाचिरा

तुमच्या वडिलांना आधी माझा नमस्कार सांगा. मी बांधकाम अभियंता, आता निवृत्त. छताकडे आधी बघणारी माणसं भेटली की बरं वाटतं.

माझं उत्तर इमारतीच्या बाजूचं. दगडी कमानदार छत नुसतं खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलतं. दालन जितकं रुंद, तितका हा रेटा जास्त. तो पेलायचा तर जाडजूड भिंती हव्यात, नाहीतर बाहेरून टेकू देणारे दगडी हात हवेत, जसे फ्रान्समधल्या मोठ्या चर्चना असतात. सांता क्रोचेचं मधलं दालन फार रुंद आहे, खांब त्या मानाने सडपातळ, आणि दोन खांबांमधलं अंतर ऐसपैस. त्यावर दगडी छत चढवायचं म्हटलं तर सगळं गणितच नव्याने मांडावं लागलं असतं. त्यात जागा आर्नो नदीच्या काठची, मुळात दलदलीची आणि जुन्या तटाबाहेरची. गावाने टाकून दिलेली जमीन साधूंच्या वाट्याला आली होती. अशा जमिनीवर भार जितका कमी तितका बरा.

कैचीत काय होतं हे वडिलांना सांगायला नको, पण तुमच्यासाठी लिहितो. दोन तिरके वासे पाय पसरून बाहेर सरकायला बघतात. खालची आडवी तुळई त्या दोघांना बांधून धरते. रेटा त्या तुळईतच जिरतो आणि भिंतीवर येतो तो सरळ खाली जाणारा भार. म्हणून भिंत पातळ चालते आणि तिच्यात उंच खिडक्या काढता येतात. इटालियन कैचीतला मधला उभा खांब लोकांना तुळईवर उभा आहे असं वाटतं. जुन्या चांगल्या कामात तो वरून लोंबत असतो आणि लोखंडी पट्टीने तुळईलाच वर उचलून धरतो, म्हणजे लांब तुळई स्वतःच्या वजनाने मध्ये झोळत नाही. वडिलांना हे विचारून बघा, ते हसतील.

दुसरं असं की हे सभागृह आहे, आणि ते तसंच बघायला हवं. फ्रान्सिस्कन साधू मठाच्या कोपऱ्यात बसून जप करणारे नव्हते. गावात राहायचं, बाजारच्या माणसाला त्याच्या भाषेत उपदेश करायचा, हे त्यांचं काम. हजारो माणसं एका छताखाली उभी राहिली पाहिजेत, खांब मध्ये येता कामा नये, आवाज पोचला पाहिजे. उजव्या रांगेतल्या एका खांबावर संगमरवरी व्यासपीठ आहे ते पाहिलंत का? ते पंधराव्या शतकातलं, बेनेदेत्तो दा मायानोचं. त्यावर चढायचा जिना दिसत नाही, कारण तो खांबाच्या पोटातून काढलाय. भार पेलणारा खांब आतून पोखरायचा म्हणजे काय धाडस, याचा मी अजून विचार करतो.

चर्चचा आराखडा आर्नोल्फो दि काम्बियोच्या नावावर सांगतात. फ्लॉरेन्सचं मुख्य कॅथेड्रल १२९६ ला आणि सरकारवाडा, म्हणजे आजचा पालाझ्झो व्हेक्यो, १२९९ ला सुरू झाला. तीही कामं त्याच्याच नावावर. पाच वर्षांत एका गावाने तीन अवाढव्य बांधकामं काढली! त्यामुळे पैसे संपले असं मला वाटत नाही. रुंद दालन, पातळ भिंती, मऊ जमीन, याला लाकूड हेच शहाणपणाचं उत्तर होतं. माझ्या लेखी विषय इथे संपतो.

गिलावा

जुनाचिरा, कैचीचं तुम्ही फार छान सांगितलंत, पण विषय तिथे संपत नाही.

मी भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते. शिकताना दोन वर्षं फ्लॉरेन्समध्ये होते आणि सांता क्रोचेत किती वेळा गेले त्याचा हिशेब नाही. त्या छतामागे एक लेखी नियम आहे. १२६० मध्ये फ्रान्समधल्या नार्बोनला पंथाची मोठी सभा भरली. प्रमुख होते बोनाव्हेंतुरा. तिथे जी घटना ठरली तिच्यात बांधकामाची कलमं आहेत. चर्चला कमानदार दगडी छत करू नये, अपवाद फक्त मुख्य वेदीच्या दालनाचा. चित्रांच्या रंगीत काचा फक्त मुख्य वेदीमागच्या खिडकीत चालतील, आणि त्यांत क्रूसावरचा ख्रिस्त, मारिया, योहान, फ्रान्सिस आणि अँथनी एवढेच. घंटाघर मनोऱ्यासारखं उभारू नये.

आता लेकीने काय पाहिलं ते परत वाचा. मुख्य दालनावर लाकूड, वेदीवर दगड. कलम जसंच्या तसं डोक्यावर बांधलेलं आहे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नियमाची वही आपण कपाटात शोधतो, इथे ती छताला टांगलेली आहे.

तर ताई, वडिलांना सांगा, पैसे संपले नव्हते. पैसा फार होता आणि त्याचं काय करायचं हेच कळत नव्हतं. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारला, दोन वर्षांत त्याला संत ठरवलं, आणि पंथ वाऱ्यासारखा पसरला. दान येत राहिलं. साधूंना तर मालकी निषिद्ध! मग १२३० मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी तोड काढली की वस्तू साधूंनी वापरायच्या, मालकी त्यांची नाही. पुढे पंथाची मालमत्ता पोपच्या नावावर असल्याचं मानलं जाऊ लागलं. जेवायचं ताटसुद्धा आपलं नाही, नुसतं वापरायला घेतलेलं. ही व्यवस्था १३२२ पर्यंत चालली. त्या वर्षी बाविसावे योहान यांनी ती मालकी झटकून टाकली आणि पंथात आग लागली.

आणि हे भांडण सांता क्रोचेच्या आतच पेटलेलं होतं. १२८७ ते १२८९ या काळात इथल्या विद्यालयात पिएर ऑलिव्ही शिकवत होता, आणि उबेर्तिनो दा कासालेही तेव्हा इथेच होता. दोघंही गरिबीच्या व्रताबाबत कडवे, पुढे उबेर्तिनोने तर पंथाच्या भपकेदार इमारतींवर उघड कोरडे ओढले. त्यांचे शब्द ज्या भिंतींनी ऐकले, त्यांच्या जागी पाच वर्षांत नव्या चर्चचा पाया खणला गेला. पायाभरणीच्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या साधूच्या मनात काय चाललं असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

आता चित्र. तुम्ही पाहिलंत ते बार्दी चॅपेल. शेजारचं पेरुझ्झींचं. बार्दी आणि पेरुझ्झी हे त्या काळातले युरोपातले सगळ्यांत मोठे सावकार, इंग्लंडच्या राजाला कर्ज देणारे. चॅपेलचा खर्च घराण्याने उचलायचा, तिथे त्यांच्या माणसांना पुरायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायच्या. व्याज घेणं हे तेव्हा पाप मानलं जाई, त्यामुळे सावकाराला या प्रार्थनांची निकड जास्त. तिसरा एडवर्ड कर्ज फेडीना, तेव्हा १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या. चित्रं मात्र राहिली.

आणि त्या सावकाराच्या चॅपेलमध्ये जोत्तोने काय काढलं? डाव्या भिंतीवर सगळ्यात वर तरुण फ्रान्सिस अंगावरचे कपडे काढून श्रीमंत व्यापारी बापाच्या हवाली करतोय. बाप इतका खवळलाय की लोकांना त्याचा दंड धरून ठेवावा लागतोय. त्याच भिंतीवर सगळ्यात खाली त्याचा मृत्यू. कुणी याला ढोंग म्हणेल, मी म्हणणार नाही. पैसा देणाऱ्याने स्वतःच्या कबरीवर तो प्रसंग रंगवू दिला, रोज बघितला. त्याला त्यातून काहीतरी हवं होतं, आणि ते खोटं होतं असं मला त्या भिंतीसमोर उभं राहून कधी वाटलं नाही.

चित्रातले सरळ कडांचे खड्डे: अठराव्या शतकात या चित्रांची किंमत कुणाला राहिली नव्हती. भिंतींवर चुना फासला आणि पुढे वरून थडगी चढवली, थेट जोत्तोच्या गिलाव्यात. तुम्हाला दिसलेली ती कपाटासारखी कड थडग्याची आहे. १८५० च्या सुमारास चुन्याखाली चित्रं असल्याचं कळलं. थडगी काढली, चुना खरवडला, आणि गाएतानो बियांकी नावाच्या चित्रकाराने गेलेले भाग स्वतःच्या मनाने रंगवून पुरे केले. जवळजवळ शंभर वर्षं लोक बियांकीचे साधू बघून जोत्तोला दाद देत होते! १९५८ च्या सुमारास लिओनेत्तो तिंतोरी यांनी ते नवं रंगकाम उतरवलं आणि खड्डे खड्डेच ठेवले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाईट वाटतं. पण आता जे दिसतं ते जोत्तोचं, आणि जिथे तो नाही तिथे दुसरं कुणी नाही.

शेजारच्या पेरुझ्झी चॅपेलमधली चित्रं इतकी फिकी का, हेही सांगते. ओल्या गिलाव्यावर रंग लावला की चुना सुकताना रंगाला स्वतःत धरून ठेवतो, तो भिंतीचाच होतो. सुक्या गिलाव्यावर रंग चिकटवावा लागतो, आणि तो वरच्यावर राहतो. जोत्तोने बार्दीमध्ये बहुतेक काम ओल्यावर केलं, पेरुझ्झीमध्ये बहुतेक सुक्यावर. चुना खरवडताना पेरुझ्झीतला वरचा रंग त्याच्याबरोबर गेला. २०१० मध्ये तिथे अतिनील प्रकाशात तपासणी झाली, तेव्हा साध्या उजेडात न दिसणाऱ्या वस्त्रांच्या चुण्या आणि चेहऱ्यांची गोलाई पुन्हा दिसली. त्याच भिंतीसमोर उभं राहून तरुण मिकेलांजेलोने दोन आकृत्या उतरवून घेतल्या होत्या. ते रेखाटन आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. त्याला जे दिसलं ते आपल्याला दिव्याखाली का होईना, दिसलं.

पुराचं लिहायला बसले तर आत्ता हात थांबणार नाही. रात्री लिहिते.

जुनाचिरा

नार्बोनचं कलम मला माहीत नव्हतं. मान्य. वेदीवर दगड आणि दालनावर लाकूड हा योगायोग नाही.

पण एक शंका राहते. असिसीला जिथे खुद्द फ्रान्सिसला पुरलंय, त्या चर्चला वरपासून खालपर्यंत दगडी छत आहे. व्हेनिसमधलं फ्रारी चर्चही फ्रान्सिस्कनांचंच, तिथेही कमानदार छत, आणि ते तर तुमच्या कलमानंतरचं. नियम होता तर तो सगळीकडे का पाळला नाही? उलट इटलीत जुन्या काळापासून साध्या चर्चना लाकडी कैचीच असे. मला वाटतं सवय आधी होती, नियमाने तिला मान्यता दिली.

शिवाय फ्लॉरेन्सच्या दुसऱ्या टोकाला डोमिनिकन साधूंचं सांता मारिया नोव्हेल्ला आहे. तेही भिक्षेवर जगणारेच. त्यांचं मुख्य दालन १२७९ ला सुरू झालं आणि ते पूर्ण दगडी छताचं आहे. म्हणजे गावात दगडी छत करणारे गवंडी होते. हे मी तुमच्याच बाजूने सांगतोय हे माझ्या लक्षात येतंय.

असिसीचं आणखी एक. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात तिथल्या वरच्या चर्चच्या छताचे भाग कोसळले, चौघं गेले, आणि चित्रांचे असंख्य तुकडे झाले. दगडी छत डोक्यावर घेणं ही काय जबाबदारी असते ते मी त्या दिवशी बातम्यांत पाहिलं.

गिलावा

असिसीचं उत्तर तारखेत आहे. त्याची पायाभरणी १२२८ ची, खुद्द पोपच्या हातची, आणि ते १२५३ मध्ये पवित्र केलं गेलं. नार्बोन त्यानंतरचं. किंबहुना तशा इमारती पाहूनच लगाम घालावासा वाटला असेल. फ्रारीचं तुम्ही म्हणता ते खरं, नियम सगळीकडे पाळला गेला नाही. सवयीचंही मान्य. पण सवयीने केलेलं लाकूड आणि त्याच गावातल्या प्रतिस्पर्ध्याने दगड वापरल्यावरही हट्टाने ठेवलेलं लाकूड, यांत फरक आहे. सांता क्रोचेत मला तो हट्ट दिसतो.

आता पूर. पण आधी ताईंच्या मनातलं चित्र थोडं बदलायला हवं. दारातून थेट वेदीपर्यंत नजर जाते ना? मध्ययुगात ती जात नव्हती. मुख्य दालनाच्या मधोमध एक उंच दगडी आडभिंत होती. तिच्या अलीकडे गावातली माणसं, पलीकडे साधूंची बसण्याची जागा. बार्दी चॅपेलपर्यंत सामान्य बाईमाणूस सहसा पोचतही नसे. १५५७ मध्ये आर्नोला मोठा पूर आला, आणि पुढच्या दशकात फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो याच्या हुकमावरून चित्रकार आणि वास्तुकार व्हासारीने ती आडभिंत पाडली, बाजूच्या भिंतींवर एकसारख्या मोठ्या वेद्या बसवल्या. भिंतीवरची जुनी चित्रं त्या कामात गेली. ज्या मोकळेपणाचं आपण कौतुक करतो तो व्हासारीचा आहे. मला स्वतःला तो आवडतो, आणि ती आडभिंत गेली याचं दुःखही होतं.

४ नोव्हेंबर १९६६. पहाटे आर्नो काठ ओलांडून आली, आणि सांता क्रोचेचा भाग सखल असल्याने शहरातलं सर्वांत खोल पाणी तिथे साचलं. नुसतं पाणी नव्हे. थंडीसाठी घरोघर तळघरांत तेल भरून ठेवलेलं होतं, ते फुटून पाण्यात मिसळलं. काळा, चिकट चिखल.

मठाच्या जुन्या भोजनशाळेत चिमाब्वेने रंगवलेला क्रूस टांगलेला होता. चार मीटरहून उंच, तेराव्या शतकातला, बहुतेक आजच्या चर्चच्या पायाच्याही आधीचा. लाकूड पाणी प्यायलं आणि फुगलं. रंगाखालचा थर काही लाकडाबरोबर ताणला जात नाही, तो फुटला आणि रंग गळून पडला. साठ टक्क्यांच्या आसपास गेला. पाणी ओसरल्यावर माणसं चिखलात वाकून रंगाचे कपटे वेचत होती. वडिलांना हे नीट कळेल: ओलं लाकूड घाईने सुकवलं तर ते आकसतं, वाकतं, आणि उरलेलाही रंग सोडतं. म्हणून क्रूसाला हळूहळू, हवेतला दमटपणा सांभाळत सुकवलं गेलं.

मग प्रश्न आला, गेलेल्या जागेचं करायचं काय? बियांकीसारखं मनाने भरायचं नाही हे ठरलेलं होतं. उंबेर्तो बाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या रंगांवरून निवडलेल्या बारीक रेघा एकमेकींवर ओढल्या. लांबून डोळ्याला खड्डा बोचत नाही, जवळ गेलं की इथे मूळ चित्र नाही हे लगेच कळतं. यावर खूप वाद झाला, आमच्या वर्गातही व्हायचा. १९७६ मध्ये क्रूस परत आला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चेहऱ्याचा अर्धाअधिक भाग गेलेला ख्रिस्त बघून रडले होते. नंतर नंतर त्या रेघा वाचायला शिकले.

व्हासारीचं स्वतःचं शेवटच्या भोजनाचं चित्र, पाच लाकडी फळ्यांवर काढलेलं, तेही त्या दिवशी पाण्यात होतं, बारा तासांहून जास्त. रंग निसटू नये म्हणून त्यावर कागद चिकटवले आणि ते तसंच दशकानुदशकं पडून राहिलं, कारण ते कसं वाचवायचं हे तेव्हा कुणालाच येत नव्हतं. ते परत लागलं २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी, ४ नोव्हेंबरलाच. आता पुराचा इशारा आला की ते यंत्राने वर उचलून घेता येतं.

पायवाट

मोठमोठ्या पोस्टींमध्ये माझी छोटी भर. ताई, बाहेरचा तो पांढरा-हिरवा संगमरवर मध्ययुगातला नाही. दर्शनी भाग पाचशे वर्षांहून जास्त काळ ओबडधोबड दगडाचाच होता. चर्च १४४३ मध्ये पोप चौथे युजीन यांच्या उपस्थितीत पवित्र झालं, तेव्हाही तसाच. आजचा दर्शनी भाग १८५३ ते १८६३ मधला, निकोलो मातास या वास्तुकाराचा. तो ज्यू होता, आणि मधल्या त्रिकोणात सहा टोकांचा निळा तारा आहे. खर्चाचा मोठा वाटा फ्रान्सिस स्लोन या इंग्रजाने उचलला. घंटाघरही एकोणिसाव्या शतकातलं, आधीचं १५१२ मध्ये वीज पडून कोसळलं होतं.

मी तिथे गेलो होतो गॅलिलिओसाठी. १६४२ मध्ये तो गेला तेव्हा त्याला चर्चच्या मुख्य भागात पुरू दिलं नाही, आतल्या एका लहान खोलीत ठेवलं. मुख्य दालनात, मिकेलांजेलोच्या थडग्यासमोर त्याला जागा मिळाली १७३७ मध्ये. कवी दान्तेचं भव्य स्मारकही आहे, पण ते रिकामं. तो रावेन्नाला आहे, आणि रावेन्नाने त्याला कधी परत दिलं नाही.

सुताराचीलेक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. काल रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं, दोन तास लागले. लोंबत्या खांबाचं वाचल्यावर जुनाचिरा म्हणाले तसे ते खरंच हसले. म्हणाले, "मग? टेकवला तर तुळई मोडेल की." नार्बोनचं कलम दोनदा वाचायला लावलं. क्रूस सुकवण्याच्या भागाला मात्र काही बोलले नाहीत, नुसती मान हलवत राहिले.

मग माझे फोटो मागितले. चर्चच्याच आवारातल्या पाझ्झी चॅपेलसमोरच्या अंगणात बसून मी एक फोटो काढला होता, त्यात माझ्या मागे चर्चची बाजूची भिंत आली आहे. मला त्यात काही विशेष दिसलं नव्हतं. ते बोटाने मोठा करून बघत बसले. म्हणाले, बाजूच्या दालनावर एक सलग उतरतं छप्पर नाहीये, प्रत्येक कमानीवर वेगळं छोटं दुपाखी छप्पर आहे, एकाला एक लागून. आणि लगेच पुढचा प्रश्न: "दोन छपरांच्या मधे जी पन्हळ तयार होते तिच्यातलं पाणी कुठे जातं? तिथे लाकूड ठेवलं असेल तर दहा वर्षांत कुजेल."

जुनाचिरा

लाकूड नाही ठेवलेलं. तिथे दगडी पन्हळी आहेत, छपरांमधलं पाणी बाहेर काढण्यासाठी उतार देऊन बसवलेल्या. बाजूची दालनंही इतकी रुंद आहेत की एकच सलग छप्पर उतरवलं असतं तर ते मुख्य दालनाच्या खिडक्यांवर आलं असतं, म्हणून ही तुकड्यांची युक्ती. व्हासारीने आर्नोल्फोबद्दल लिहिताना नेमकी याच गोष्टीची वाखाणणी केली आहे, की छपरं आणि भिंती ओलीने कुजू नयेत म्हणून त्याने दगडी पन्हळी घातल्या.

तुमच्या वडिलांनी ते एका फोटोत ओळखलं. मी दोनदा तिथे जाऊन आलोय, मला दिसलं नव्हतं.